निराधार नसलेली बाई

साकोली, ६ ऑक्टोबर २००५

दामिनी,

आशीर्वाद लिहिते. राग असला म्हणून आशीर्वाद कापून घेत नाही मी.

दोन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. आज लिहिते आहे ते फक्त कामापुरतं. ट्रस्टने आपल्या खोल्यांचं भाडं जवळजवळ दुप्पट केलं. स्टँडकडे दुकानं वाढली, आता बाहेरचे नोकरदार लोक खोल्या विचारायला येतात, म्हणून. परवा ट्रस्टचे अध्यक्ष धनीरामजी आले, सगळ्या भाडेकरूंना ओट्यावर बोलावलं आणि म्हणाले, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना आम्ही रस्त्यावर काढणार नाही, त्यांना जुनंच भाडं राहील. पण अटी आहेत. म्हाताऱ्या माणसाचं वय पासष्टच्या वर पाहिजे, ते एकटं राहत असलं पाहिजे, कमाई नावालाच पाहिजे, आणि त्याला सांभाळणारं कोणी नसावं. कमावतं मूल तर नसावंच. अपंगाला वयाची, नातेवाइकांची अट नाही, पण सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट पाहिजे.

वय माझं झालं. एकटी तर मी आहेच. अंगणवाडीचं मानधन सेवानिवृत्तीनंतर बंद झालं, आता साड्यांना फॉल लावून जे मिळेल ते. मला वाटलं, माझं नाव पहिलं लागेल.

मुनीम जागेश्वर अर्ज भरत होता. त्याने विचारलं, "कमावतं मूल?"

मी म्हटलं, "मुलगी आहे. नाशिकले नर्स आहे, दवाखान्यात."

त्याने पेन खाली ठेवला. "मंग कसं होईल, बाई?"

"ती मले काही देत नाही."

"थे तुमी म्हनता. तिनं लिहून देलं पाहिजे. मी माझ्या आईले सांभाळत नाही, असं. सही करून."

तर एवढंच काम आहे. एका कागदावर तसं लिहून पाठव. तू दोनदा मनीऑर्डर पाठवलीस आणि मी दोन्ही वेळा परत केली, म्हणजे तू देत नाहीस हे खरंच आहे. खोटं लिहायला मी सांगत नाही.

आणि हो, शेजारच्या पार्वताबाईचा अर्ज त्याच बैठकीत मंजूर झाला. तुझ्या मोठीमायचा. तिला विचारलं, कोणी आहे का? ती म्हणाली, "कोनी नाही बाप्पा." झालं. जागेश्वरने तिला स्वतः हात धरून ओट्यावरून उतरवलं. मला कोणी उतरवलं नाही. मला दिसतं ना.

आई


साकोली, २४ ऑक्टोबर २००५

दामिनी,

तुझं पत्र आलं. पत्त्यावर नाव पार्वताबाईचं.

पोस्टमन दोन्ही खोल्यांच्या मधे उभा राहिला. मी हात पुढे केला, तो म्हणाला, "तुमचं नाही, बाजूच्या बाईचं आहे." मी हात पदराला पुसला. भिंतीला हात लावत ती बाहेर आली, पाकीट घेतलं, नाकाशी धरलं, जसं काही त्याला तुझा वास येणार होता. आणि मग मलाच म्हणाली, "कौशल्या, वाचून दाखव ना वं."

कोणाला म्हणणार दुसरं? काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेल्याला आता काही वर्षं झाली. कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. भात शिजवते, तांदूळ निवडते, कारखान्यात विड्या वळायची तो धागासुद्धा अजून अंदाजाने बांधून दाखवते, आणि कोणी विचारलं तर म्हणते, "थोडं थोडं दिसते."

मग मी तिच्या दारात बसून वाचलं. "प्रिय मोठीमाय." बरं. डोळ्यांत थेंब टाकतेस का. बरं. वीरेंद्रची ड्युटी बदलली, आता दोघं संध्याकाळी घरी असतो. बरं. आणि मग पुढची ओळ होती, की मोठीमाय, मला पाचवा महिना लागला आहे.

मी ती ओळ वाचली. अडखळले नाही. अंगणवाडीत इतकी वर्षं मोठ्याने वाचलं आहे, आवाज माझ्या ताब्यात आहे. पार्वताबाईने टाळी वाजवली. मला मिठी मारायला गेली आणि तिचा हात माझ्या चष्म्यावर पडला. "अवं, तू आजी झाली!" म्हणते. मला. माझी बातमी ती मला देते.

लग्नाच्या वेळी असंच झालं होतं. सगळ्यांना मी सांगते, मुलीने नोंदणी लग्न केलं, हळद नाही, मांडव नाही, म्हणून मी गेले नाही. लोक मान हलवतात. पण हळदीचं मला काय पडलं होतं? तू पार्वताबाईला आधी सांगितलंस. ती चार दिवस ते पोटात घेऊन माझ्यासमोर फिरली, माझ्या हातचा चहा प्यायली. मला तुझ्या तोंडून कळलं तेव्हा तिला ते शिळं झालेलं होतं.

तुला तेव्हाही तीच जवळची होती. मी गावभरच्या लेकरांना खिचडी वाढत होते आणि तू तिच्या उंबऱ्यावर बसून तिच्या ताटात जेवत होतीस. बुद्धपौर्णिमेला तिच्याकडची खीर खाऊन यायचीस आणि माझ्या हातची खीर बाजूला सारायचीस. मी संध्याकाळी यायची तर तू झोपलेली, केसांना तिने तेल लावलेलं. दुसऱ्या दिवशी मी ते तेल धुवून परत लावायची. तुला आठवत नसेल.

त्या पत्रात माझ्या कागदाविषयी एक अक्षर नव्हतं. शेवटी होतं, "आईची तब्येत कशी आहे ते कळव." ते मी वाचलं नाही. माझी तब्येत तिने का कळवावी?

प्रकृतीला जप. पाचव्या महिन्यात जड बादल्या उचलायच्या नसतात. नर्स असलीस तरी सांगते.

आई


साकोली, १० नोव्हेंबर २००५

दामिनी,

दिवाळी झाली. फराळ केला नाही. कोणासाठी करायचा?

पार्वताबाईची सवलत थांबली. दिवाळीनंतर ट्रस्टची बैठक झाली तेव्हा विषय निघाला. निघाला म्हणजे मीच काढला.

लपवून काय करू, सगळ्या खोल्यांना माहीत आहे. धनीरामजी यादी वाचत होते, तिचं नाव आलं, मी उभी राहिले आणि म्हटलं, "हिले कोणी नाही हे खरं नाही. सानगडीले हिचा पुतण्या आहे, अंकुश. त्याची धानाची शेती आहे. दरवर्षी मळणी झाली की तांदळाचं पोतं आणून टाकते. मग मले एक नियम अन् हिले दुसरा काहून?"

यात खोटं काय आहे सांग? एक अक्षर खोटं नाही. धनीरामजींनी तिला विचारलं, "पुतण्या तांदूळ देते का?" ती म्हणाली, "देते." "मंग सांभाळते म्हणायचं." जागेश्वर म्हणाला, बाईला दिसत नाही, अपंगांमध्ये घेऊन टाकू. धनीरामजी म्हणाले, सर्टिफिकेट आणा, घेतो. तर ही बाई उठून काय म्हणते? "मी आंधळी नाही. मले दिसते."

झालं. सवलत गेली. नवीन वर्षापासून पूर्ण भाडं, नाहीतर खोली सोडा.

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. घरी येईपर्यंत वाटलं.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मी पोळ्या लाटत होते. आता भांडेल म्हणून मी लाटणं खाली ठेवलं आणि तयार झाले. तिने पदराखालून तुझं पाकीट काढलं.

"वाचून दाखव ना वं परत. पाचव्या महिन्याचं."

मी म्हटलं, "तुले राग नाही आला का?"

"तू बोलली ते खरंच आहे. अंकुश तांदूळ देते." आणि बसली चुलीपाशी. "राग आला. पण पत्र दुसरं कोन वाचल?"

मी वाचलं. या वेळेस शेवटची ओळही वाचली, आईची तब्येत कशी आहे ते कळव. ती हसली. म्हणाली, "मागच्या टायमाले हे नव्हतं वाचलं तू."

मी पोळी तव्यावर टाकली.

"कौशल्या, एक सांग. मले दिसत नाही हे पोरीले माहीत आहे. दवाखान्यातली आहे ते. मंग मले आलेलं पत्र कोन वाचते, हे तिले माहीत नाही का वं?"

पोळी तव्यावर जळली. तिला वास आला, मला आला नाही.

दामिनी, हे खरं आहे का? खरं असेल तर ही काय रीत झाली? आईला लिहायचं तर आईच्या नावाने लिहावं. आणि खरं नसेल तर मी तुला हे विचारलंच नाही असं समज.

ती म्हणते, आता सानगडीला जाईन पुतण्याकडे. भांडी पोत्यात भरायला काढली आहेत. भिंतीपलीकडून दिवसभर खडखडाट येतो. एखादं भांडं पडलं की ती मोठ्याने म्हणते, "काही नाही, काही नाही." कोणाला सांगते?

आई


साकोली, ३ डिसेंबर २००५

दामिनी,

मी पार्वताबाईला भंडाऱ्याला नेऊन आणलं. सर्टिफिकेटसाठी.

प्रेम उतू गेलं म्हणून नेलं असं समजू नकोस. अंकुश तिला न्यायला आला होता. चांगला मुलगा आहे, मान खाली घालून बोलतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, घरी दोन खोल्या अन् आमी सहा जण. मोठ्याईले नेतो मी, नाही म्हणत नाही. पण तिथं विहीर दारातच आहे, तिले तिथलं काही ओळखीचं नाही." मग तो जाऊन भांड्यांच्या पोत्यावर बसला. मी विचार केला, ही तिथे गेली आणि त्या विहिरीत पडली, तर तू मला जन्मात लिहिणार नाहीस. ना माझ्या नावाने, ना तिच्या.

ती यायला तयार नव्हती. "आंधळी म्हणून लिहून आणू का? विड्यावाल्या कारखान्यात माह्या हातासारखा हात नव्हता."

मी म्हटलं, "हाताले कोण आंधळं म्हणते?"

त्यावर ती चप्पल शोधायला लागली.

सकाळच्या एसटीने गेलो. दवाखान्यात गर्दी होती, तरी नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांनी बोटं समोर धरली, "आजी, किती बोटं?"

ही म्हणते, "दोन."

चार होती. त्यांनी हात बदलला. "आता?"

"तीन." एकच होतं. अंदाजाने ठोकत होती, शाळेत पोरं ठोकतात तशी. आपण पास व्हायला आलो नाही हे तिच्या लक्षातच राहत नव्हतं.

मला राहवलं नाही. "अवं, खरं सांग ना! नापास व्हायले आणलं मी तुले इथं!"

डॉक्टर हसले. पण ती हसली नाही. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग एकदम हळू म्हणाली, "नाही दिसत, साहेब. उजेड आहे का अंधार, तेवढंच समजते. चार वर्सं झाले."

तिने ते पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, दामिनी. मी तिथे होते. तू नव्हतीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग डॉक्टरांनी विचारलं, "या सोबत कोण तुमच्या? बहीण?"

ती म्हणाली, "नाही. माह्या पोरीची माय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला मात्र कळलं. अंगाची लाही झाली. तिची पोरगी! आणि मी कोण, तर तिच्या पोरीची माय! बसमध्ये मी तिच्याशी लाखनीपर्यंत बोलले नाही. खिडकी तिला दिली होती, ती बाहेर तोंड करून बसली होती, वारा खात. लाखनीला भजीवाला चढला. मी दोन पुड्या घेतल्या, एक तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "रागानं घेतली का प्रेमानं?"

"भूक लागली म्हणून घेतली."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि खाऊ लागली.

मी विचारलं, "तू तिले आपली पोरगी कशी म्हणते? जन्म कोणं देला?"

"तूच देला. मी कवा नाही म्हटलं?" भजी चावत चावत बोलत होती. "तू कामावर जायची तं मले म्हणायची, पार्वताबाई, पोरीकडे लक्ष ठेवजो. ठेवलं. आता लक्ष काढून घे म्हणशील तं कसं काढू?"

याला काय उत्तर देणार? तुला सुचत असेल तर कळव.

आई


साकोली, २२ डिसेंबर २००५

दामिनी,

पार्वताबाईला सवलत परत मिळाली, या वेळेस अपंगांमध्ये. जुनं भाडं कायम. धनीरामजींनी कागद पाहिला आणि सही केली, कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. भांडी पोत्यातून निघाली. तिच्या फळीवर ती मी लावून दिली, तिने सगळी काढून परत आपल्या पद्धतीने लावली.

तुझा कागदही आला. या वेळेस पाकिटावर माझं नाव. मी पोस्टमनसमोर ते दोनदा वाचलं.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "आई, तू मागितलंस म्हणून लिहिलं. दोनदा लिहून फाडलं. मोठीमायला लिहिते तेव्हा वाटतं तू वाचशील. तुला लिहायला घेतलं की वाटतं तू परत करशील." आणि त्या कागदावर, तुझ्या वळणदार अक्षरात, ज्याची बाराखडी मी पाटीवर गिरवून घेतली त्या अक्षरात, लिहिलेलं होतं, मी, दामिनी, माझी आई कौशल्याबाई टेकचंद हिचा सांभाळ करत नाही व तिच्याशी माझा कोणताही आर्थिक संबंध नाही. खाली सही.

मी तो घेऊन ट्रस्टच्या ऑफिसात गेले. जागेश्वर म्हणाला, "आणलं का, बाई? छान झालं. यानं तुमचं काम होते." त्याने हात पुढे केला. मनात आलं, देऊन टाकावा. भाडं भरायचं म्हणजे रोज किती साड्या संपवाव्या लागतील याचा हिशेब मी केलेला आहे, आणि माझेही डोळे काही तरुण नाहीत. पार्वताबाईला जुनं भाडं आणि मला नवं, एका भिंतीला दोन भाव, याचाही जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू.

पण त्याने तो कागद घेतला असता तर मोठ्याने वाचला असता. तिथे चार लोक बसले होते. माझ्या मुलीचं आणि माझं काही नातं नाही, असं त्याच्या तोंडून ऐकायचं आणि वर मान हलवून म्हणायचं, हो, बरोबर आहे. आणि मग जानेवारीत तू पोट घेऊन माझ्या खोलीत आलीस, तर याच लोकांसमोरून येशील ना? तेव्हा मी काय सांगू, ही कोण म्हणून?

मी म्हटलं, "नाही आणलं."

"मंग हातात काय आहे?"

"माह्या मुलीचं पत्र आहे. घरचं."

"मंग पूर्ण भाडं लागल, बाई."

"लागू दे. मले मुलगी आहे."

एवढ्या जोरात म्हणायची गरज नव्हती. ते चारही जण बघायला लागले.

घरी येऊन तो कागद चुलीत घातला. चिठ्ठी ठेवली. पार्वताबाईला वाचून दाखवली नाही. तिने विचारलं, "काय लिहिते?" मी म्हटलं, "माझं आहे." मग रात्रभर मला वाईट वाटलं म्हणून सकाळी अर्धी वाचून दाखवली. मोठीमायचं नाव आहे ती अर्धी.

परवा तुझी मनीऑर्डर आली. पोस्टमन सवयीने विचारतो, "परत का?" मी त्याच्या हातातला पेन घेतला आणि सही केली. जानेवारीचं भाडं त्यातून गेलं. पावतीवर माझं नाव आहे, पण पैसे तुझे आहेत हे मी जागेश्वरला सांगून आले. त्याने विचारलं नव्हतं.

आता तुझ्या येण्याचं. पहिलं बाळंतपण आईकडे असतं. तिथे सासूबाई चांगल्या असतील, दवाखाना मोठा असेल, मला माहीत आहे. इथलाही दवाखाना वाईट नाही आणि तुझ्या ओळखीची मनाली आता तिथे सिस्टर आहे, मी बोलून ठेवलं आहे. आठवा लागला की प्रवास नको, म्हणून लवकर ये. वीरेंद्रला म्हणावं, सोडायला ये, दोन दिवस राहा. त्याच्यासाठी खाट मागून आणते. जावयाला मी अजून पाहिलेलं नाही, फोटोसुद्धा पार्वताबाईकडे आहे, आणि तिला तो दिसत नाही. मी तो मागितला नव्हता. काल मागितला. चांगला दिसतो.

पार्वताबाईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली आहेत. टाके वाकडे येतात. ती झोपल्यावर मी ते टाके उसवून सरळ करणार होते, पण एका दुपट्याला हात लावला आणि ठेवून दिलं. राहू दे. तिच्या हातची आहेत हे बाळाला कळलं पाहिजे. माझी वेगळी शिवलेली आहेत, त्यांना कडेला निळा दोरा आहे, ओळखून घे.

तू कोणत्या एसटीने येशील ते दोघींनाही कळव. पत्र एकच पाठव, दोन्ही नावं घाल. माझं वर.

आणि स्टँडवर आम्ही दोघी येऊ. ती म्हणते, "मी आवाजावरून ओळखीन." ओळखेल, तिचे कान तिखट आहेत, आणि तू उतरलीस की ती माझ्याआधी हाक मारेल हेही मला माहीत आहे. तू तिकडे वळू नकोस. आधी माझ्याकडे बघ. मला दिसतं, दामिनी. आधी मला आई म्हण, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. मग तिच्याकडे जा. कितीही वेळ तिच्या गळ्यात पड, मी सामान धरून उभी राहीन.

आई